पराभवाचे कारण आणि पराभवाचा जाब

इंग्लंडमधील फुटबॉलचा हंगाम हिवाळ्यात शिरला की एक वाद हटकून डोके वर काढतो, आणि दरवर्षी तो जेथून निघाला तेथेच येऊन थांबतो, ही गोष्ट या खेळावर जीव लावणाऱ्या कोणालाही अस्वस्थ करणारी आहे. एखादा नावाजलेला संघ ओळीने सामने हरू लागतो आणि त्याच्या चाहत्यांमध्ये दोन तट पडतात. एका तटाच्या मते दोष मॅनेजरचा, म्हणजे संघ निवडणाऱ्या, डावपेच आखणाऱ्या आणि सरावाची दिशा ठरवणाऱ्या मुख्य प्रशिक्षकाचा असतो. दुसऱ्या तटाच्या मते मैदानात उतरतात ते अकरा खेळाडू, चुकीचा पास देतात तेही खेळाडूच, आणि रेषेबाहेर उभ्या असलेल्या माणसाला चेंडूला पाय लावण्याचीही मुभा नसते. संघ पुढच्या सामन्यात जिंकला तर पहिला तट म्हणतो की मॅनेजर आडवा येत असूनही खेळाडूंनी सामना खेचून आणला, आणि दुसरा म्हणतो की अशा खेळाडूंकडूनही मॅनेजरने काम करून घेतले. कोणत्याही निकालाने जे मत डळमळत नाही, त्याला कोणत्याही निकालाचा आधारही मिळू शकत नाही, हे दोन्ही तट विसरतात.

दुखापती, पंचांचे निर्णय, सामन्यांची दाटी, मालकांचा आखडता हात ही कारणे सर्वांच्या परिचयाची असल्याने त्यांची उजळणी येथे अनावश्यक आहे. महत्त्वाचे आहे ते असे की या वादात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेले असतात. पहिला प्रश्न कारणाचा आहे: कशामुळे असे घडले? दुसरा जबाबदारीचा आहे: घडले त्याचा जाब कोणी द्यायचा? या दोन गोष्टी एकाच माणसापाशी असतातच असे नाही. 1956 मध्ये अरियालूर येथील रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्री यांनी रेल्वेमंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेव्हा अपघात त्यांच्या हातून घडला असे कोणीही मानत नव्हते. तरीही जाब देणे आपल्याकडे येते हे त्यांनी मानले होते. फुटबॉलचा चाहता मात्र ‘मॅनेजरला काढा’ असे म्हणताना आपण कारण सांगत आहोत की जाब मागत आहोत, हे क्वचितच स्पष्ट करतो.

प्रथम कारणाचा विचार करू. मॅनेजर आणि खेळाडू यांचे परिणाम एकमेकांत मिळवले जात नाहीत, तर गुणले जातात, आणि म्हणून संघाच्या गुणांपैकी इतके मॅनेजरचे आणि इतके खेळाडूंचे अशी वाटणी करणे तत्त्वतःच अशक्य आहे. शेतातल्या पिकापैकी किती पोती बियाण्याची आणि किती पावसाची, या प्रश्नाला उत्तर नसते, कारण दोहोंपैकी एक नसेल तर एक दाणाही पदरात पडत नाही. परंतु यंदाचे पीक गतवर्षीपेक्षा कमी का, या प्रश्नाला उत्तर असू शकते. बियाणे तेच असेल आणि पाऊस बदलला असेल, तर फरक पावसाचा. म्हणजे पातळीचे कारण वाटून देता आले नाही, तरी फरकाचे कारण शोधता येते, आणि त्यासाठी या काळात काय बदलले आणि काय तसेच राहिले, एवढेच पाहावे लागते.

ही कसोटी लावण्यासाठी इंग्लंडच्या अलीकडील इतिहासात लेस्टर सिटी आणि चेल्सी या दोन क्लबांची एक विलक्षण जुळणी सापडते. 2015-16 मध्ये क्लॉडिओ रानिएरी यांच्या मार्गदर्शनाखाली लेस्टरने 81 गुणांसह प्रीमियर लीग जिंकली. हंगामाच्या आरंभी सट्टेबाजांनी या शक्यतेला पाच हजारास एक असा भाव दिला होता. पुढच्या उन्हाळ्यात मिडफिल्डमध्ये प्रतिस्पर्ध्यांचे पास अडवणारा एन्गोलो कांटे चेल्सीकडे गेला, आणि फेब्रुवारी 2017 मध्ये लेस्टर सतराव्या स्थानावर, खालच्या श्रेणीत ढकलले जाण्यापासून अवघ्या एका गुणाच्या अंतरावर उभा होता. मॅनेजर तोच आणि खेळाडू बदललेला. तेव्हा फरक खेळाडूचा, असे म्हणावेसे वाटते. परंतु 23 फेब्रुवारीला रानिएरींना काढण्यात आले, त्यांचे सहायक क्रेग शेक्सपियर यांच्याकडे सूत्रे आली, आणि त्याच खेळाडूंनी लीगमधील पुढचे पाच सामने ओळीने जिंकून हंगाम बाराव्या स्थानावर संपवला. आता खेळाडू तेच आणि मॅनेजर बदललेला. तेव्हा फरक मॅनेजरचा. सहा-आठ महिन्यांच्या अंतराने एकाच संघाने दोन्ही तटांना पुरावा पुरवला.

चेल्सीची गोष्ट याहून बोलकी आहे. 2014-15 मध्ये जोझे मोरिन्यो यांच्या हाताखाली विजेता ठरलेला हा संघ पुढच्या हंगामात जवळजवळ त्याच प्रमुख खेळाडूंसह आणि त्याच मॅनेजरसह उतरला, आणि पहिल्या सोळा सामन्यांपैकी नऊ हरून सोळाव्या स्थानावर आला. त्यातला नववा पराभव लेस्टरच्याच मैदानावर झाला. त्या सामन्यानंतर आपल्या तयारीचा विश्वासघात झाल्याची भावना मोरिन्यो यांनी उघडपणे बोलून दाखवली, आणि तीन दिवसांनी, 17 डिसेंबर 2015 रोजी, त्यांचे पद गेले. येथे मॅनेजर बदलला नव्हता, खेळाडूही फारसे बदलले नव्हते. बदलले होते ते त्यांच्यातील नाते, आणि खुद्द क्लबचे तांत्रिक संचालक मायकल एमेनालो यांनी मॅनेजर आणि खेळाडू यांच्यात उघड बेबनाव असल्याचे मान्य केले. त्यानंतरच्या हंगामात अँटोनियो काँटे हे नवे मॅनेजर आले, लेस्टरचा एन्गोलो कांटेही आला, तीन बचावपटूंची नवी रचना रुजली आणि चेल्सीने 30 विजय आणि 93 गुणांसह लीग जिंकली. येथे मॅनेजर आणि खेळाडू दोन्ही बदलले होते, त्यामुळे श्रेय कोणाचे हा प्रश्न पुन्हा अनिर्णित राहिला. चारही प्रसंग एकत्र पाहिले तर निष्कर्ष असा निघतो की फरकाचे कारण कधी खेळाडूंत, कधी मॅनेजरमध्ये आणि कधी दोघांमधील विश्वासात असते, आणि म्हणून ‘नेहमी मॅनेजर’ किंवा ‘नेहमी खेळाडू’ ही दोन्ही उत्तरे सारखीच आळशी आहेत.

या ठिकाणी एक तिसरा पक्ष पुढे येतो, आणि त्याच्याशी वाद घालणे अधिक आवश्यक आहे, कारण त्याच्या हातात आकडे आहेत. या पक्षाच्या मते मॅनेजर हा मुळातच गौण घटक आहे. डच अर्थशास्त्रज्ञ बास तर वील यांनी 1986 ते 2004 या काळातील नेदरलँड्समधील लीगचा अभ्यास करताना, घसरणीनंतर मॅनेजर काढणाऱ्या संघांची तुलना तशाच घसरणीतून जाऊनही मॅनेजर न काढणाऱ्या संघांशी केली, आणि दोन्ही गट सारखेच सावरल्याचे त्यांना आढळले. यामागे संख्याशास्त्रातील एक परिचित तत्त्व आहे: असाधारण वाईट काळानंतर साधारण काळ येण्याचीच शक्यता अधिक असते, मग मध्यंतरी काहीही केलेले असो. मॅनेजरला नेमके सर्वांत वाईट क्षणी काढले जात असल्याने नंतरच्या सुधारणेचे श्रेय त्या निर्णयाला फुकट मिळते. शेक्सपियर यांच्या पाच विजयांकडेही या दृष्टीने पाहता येते. सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांनी तर दीर्घ काळाची सरासरी घेतल्यास इंग्लंडमधील क्लबांच्या क्रमवारीतील सुमारे 90 टक्के तफावत खेळाडूंच्या एकूण पगाराशी जुळते, असे दाखवून दिले आहे.

या युक्तिवादातील पहिला भाग मान्यच केला पाहिजे. घाईने केलेली हकालपट्टी हा बहुधा उपाय नसून उपाय केल्याचा देखावा असतो. परंतु त्यावरून मॅनेजर गौण ठरत नाही. तर वील यांचा अभ्यास मॅनेजर बदलण्याचा परिणाम मोजतो, मॅनेजर असण्याचा नव्हे. पहिल्या श्रेणीत पोहोचलेले बहुतेक मॅनेजर कठोर चाळणीतून आलेले असल्याने त्यांच्यातील अंतर कमी असते, आणि म्हणून एकाच्या जागी दुसरा आणल्याने सरासरी फारशी हलत नाही. शिवाय सरासरी शून्य असणे आणि प्रत्येक प्रसंगी परिणाम शून्य असणे यांत महदंतर आहे. काही संघांना बदलाने तारले आणि काहींना बुडवले, तरी बेरीज शून्यच येईल. पगाराच्या आकड्याबद्दल तर अधिक मूलभूत शंका आहे. पगार आभाळातून पडत नाहीत. कोणाला किती द्यायचे हे कोणीतरी ठरवते, आणि जिंकणारा संघच अधिक पगार देऊ शकतो. आकड्यांचा पक्ष कारणाची साखळी पगारापाशी तोडतो आणि त्यामागे निर्णय घेणारी माणसे आहेत हे दिसेनासे करतो.

निर्णय घेणाऱ्या माणसांचा उल्लेख आला म्हणून मॅनेजरच्या पदाचा इतिहास थोडा विस्ताराने पाहणे योग्य ठरेल. लीगच्या आरंभीच्या दशकांत संघ निवडण्याचे काम बहुधा संचालकांची समिती करीत असे, आणि मॅनेजर हा पुष्कळ ठिकाणी पत्रव्यवहार व हिशेब सांभाळणारा चिटणीसच असे. हर्बर्ट चॅपमन यांनी आधी हडर्सफील्ड टाउन आणि 1925 पासून आर्सेनल या क्लबांत निवड, डावपेच आणि खेळाडूंची खरेदी हे अधिकार स्वतःकडे घेतले, आणि आज परिचित असलेले मॅनेजरचे पद आकाराला आले. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात तर हा बदल त्याहून बराच उशिरा झाला; वॉल्टर विंटरबॉटम 1946 ते 1962 एवढा दीर्घ काळ मॅनेजर होते, पण संघ निवडत होती समिती, आणि ती पद्धत त्यांच्यानंतर मॅनेजर झालेल्या आल्फ रॅम्सी यांनी संपूर्ण अधिकाराचा आग्रह धरल्यावरच संपली. या संदर्भात मँचेस्टर सिटीचे उदाहरण चिंतनीय आहे. 1936-37 मध्ये लीग जिंकणारा हा संघ पुढच्याच हंगामात, त्या श्रेणीतील सर्वाधिक म्हणजे 80 गोल करूनही, खालच्या श्रेणीत गेला. गतविजेत्यावर अशी पाळी इंग्लंडमध्ये त्यापूर्वीही आली नव्हती आणि त्यानंतरही आलेली नाही. तरीही त्यांचे मॅनेजर विल्फ वाइल्ड, जे आधी क्लबचे चिटणीस होते, 1946 पर्यंत पदावर राहिले. आज ही गोष्ट अविश्वसनीय वाटते. त्या काळी मात्र पराभवाचा जाब एकट्या मॅनेजरने द्यायचा, ही समजूत अजून पक्की झालेली नव्हती.

या इतिहासातून जे हाती लागते ते निबंधाच्या आरंभीच्या भूमिकेला धक्का देणारे आहे. कारण आणि जबाबदारी यांची गल्लत हा चाहत्यांचा तर्कदोष आहे आणि तो दूर केला की वाद मिटेल, असे तेथे गृहीत धरले होते. परंतु जबाबदारी ही कारणाची सावली नाही. ती अधिकाराबरोबर येते. चॅपमन आणि रॅम्सी यांनी समितीकडून अधिकार मागून घेतला तेव्हा त्याबरोबर जाब देण्याचे ओझेही स्वीकारले, आणि त्या व्यवस्थेत पराभवानंतर मॅनेजरला प्रश्न विचारणे, त्या पराभवाचे कारण नेमके ठाऊक नसतानाही, पूर्णतः न्याय्य होते. कारणाची वाटणी अशक्य असली तरी अधिकाराची वाटणी शक्य आहे, कारण कोणता निर्णय कोणी घेतला हे बहुतेक वेळा कळू शकते. त्यामुळे चाहत्यांचा वाद निरर्थक नाही; तो कारणाच्या भाषेत मांडलेला जाबाचा आग्रह आहे, आणि क्लबच्या कारभारात ज्यांना मत नाही अशा माणसांपाशी जाब मागण्याचे दुसरे साधनही नसते.

उणीव आहे ती या आग्रहाच्या पत्त्यात. गेल्या काही दशकांत मॅनेजरचा अधिकार पुन्हा विभागला गेला असून कोणता खेळाडू घ्यायचा, कोणाला विकायचे, कराराची मुदत किती, हे पुष्कळ क्लबांत क्रीडा संचालक आणि खेळाडू हेरणारा विभाग ठरवतो. पण प्रत्येक सामन्यानंतर पत्रकारांसमोर बसतो तो मॅनेजरच. म्हणजे अधिकार समितीकडे परतला आणि जाब मात्र एकट्याकडे राहिला. लेस्टरसाठी कांटेला हेरण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते स्टीव्ह वॉल्श त्याच 2016 च्या उन्हाळ्यात एव्हर्टनला गेले. एका वर्षात क्लबने खेळाडूही गमावला आणि तो शोधणारी नजरही. त्या हिवाळ्यातील वादात रानिएरी आणि खेळाडू यांच्याबद्दल जेवढे बोलले गेले, त्याच्या तुलनेत या घटनेची चर्चा नगण्यच होती.

खेळाडूंनाही यातून सूट नाही, पण त्यांची जबाबदारी वेगळ्या जातीची आहे. त्यांच्या कौशल्याचा अपुरेपणा हा त्यांना निवडणाऱ्याने द्यायचा जाब आहे. त्यांनी स्वतः द्यायचा जाब प्रयत्नाचा आहे, कारण तेवढाच भाग पूर्णपणे त्यांच्या अधिकारात असतो. मोरिन्यो गेल्यावर 19 डिसेंबरला सन्डरलँडविरुद्धच्या सामन्यात चेल्सीच्या प्रेक्षकांनी संघ जिंकत असतानाही स्वतःच्याच काही खेळाडूंची हुर्यो उडवली आणि गेलेल्या मॅनेजरच्या नावाचा घोष केला, तेव्हा त्यांचा आरोप क्षमतेबद्दल नव्हता. हे खेळाडू कसे खेळू शकतात हे त्यांनी आदल्याच वर्षी पाहिले होते. त्या आरोपात तथ्य किती हा वेगळा प्रश्न आहे. आरोपाची दिशा मात्र बरोबर होती.

जाब योग्य पत्त्यावर पोहोचवायचा तर भावनेला संस्थेचा आधार लागतो. जर्मनीत 1998 पासून लागू असलेल्या नियमानुसार, काही मोजके अपवाद वगळता, क्लबच्या कंपनीतील बहुमत सभासदांच्या मूळ संस्थेकडेच ठेवावे लागते. त्यामुळे तेथे मॅनेजर काढले जात नाहीत असे नाही, पण ज्यांनी त्याला नेमले आणि खेळाडू निवडले त्यांनाही सभासदांच्या सभेत उभे राहून उत्तर द्यावे लागते. इंग्लंडमध्ये 2025 च्या कायद्याने व्यावसायिक फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक स्थापन झाला आणि चाहत्यांशी सल्लामसलत करण्याचे बंधन क्लबांवर आले. हे पाऊल लहान असले तरी त्याची दिशा योग्य आहे. तेव्हा चाहत्यांनी हा वाद सोडून द्यावा असे सुचवणे अन्यायाचे ठरेल. त्यांनी तो अधिक चिवटपणे घालावा, परंतु मॅनेजर की खेळाडू असे विचारण्याऐवजी या हंगामातील प्रत्येक मोठा निर्णय कोणाच्या सहीने झाला असे विचारावे, आणि ज्याची सही असेल त्याने मॅनेजरइतक्याच उघडपणे समोर येऊन उत्तर द्यावे असा हट्ट धरावा.