दुरुस्तीची नीती

आळेफाट्यासारख्या, सह्याद्रीने समुद्रापासून अलग केलेल्या ठिकाणी बसून शिडाच्या नौकेच्या तळाचा विचार करावा, हे पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. परंतु या मुलखाचा आणि समुद्राचा संबंध जुना आहे. सातवाहनांच्या काळी कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत येई. आणि जे गलबत तेथील व्यापाऱ्याने कधी डोळ्यांनी पाहिले नाही, त्याच्या तळावर त्याचे द्रव्य विसंबून असे. न पाहिलेल्या वस्तूवर आणि न भेटलेल्या कारागिरावर भिस्त ठेवणे हा व्यवहाराचा पाया तेव्हा होता, आजही आहे. म्हणूनच जुन्या नौकेची दुरुस्ती हा केवळ कारागिरीचा प्रश्न नसून नीतीचाही प्रश्न आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. शिडाच्या नौकेखाली शिशाचा अथवा बिडाचा जड कणा जोडलेला असतो. त्यास कील म्हणतात. वाऱ्याने नौका कलली असता तिला सावरून धरणे हे त्याचे काम. फायबरग्लासच्या पुष्कळ नौकांत हा कणा जाड बोल्टांनी तळाशी आवळलेला असतो, आणि त्याचा ताण सर्व तळावर वाटला जावा म्हणून आतून आडव्या-उभ्या पट्ट्यांचा सांगाडा चिकटविलेला असतो. नौका खडकावर आदळली म्हणजे कण्याचे टोक जागीच अडते व नौका पुढे रेटली जाते. पुढचे बोल्ट खाली खेचले जातात आणि कण्याची मागची कड तळात घुसू पाहते. त्या ठिकाणी सांगाडा तळापासून सुटू शकतो. बोल्ट गंजरोधक पोलादाचे असले, तरी सांध्यात कोंडलेल्या, हवा न पोचणाऱ्या पाण्यात ते हळूहळू खाल्ले जातात; वरचे नट मात्र लखलखीत राहतात. लाकडी गलबत दुखावले तर बहुधा पाझरून वा कुजून आपले दुखणे सांगते. फायबरग्लासची नौका पुष्कळदा काहीच सांगत नाही.

आता तिची दुरुस्ती दोन प्रकारे होऊ शकते. एक, तड्यात लांबी भरावी व वर रंग द्यावा. दुसरी, कणा उतरवावा, बोल्ट काढून तपासावेत, दुखावलेले थर निरोगी थर लागेपर्यंत घासून काढावेत, त्यांच्या कडांना जाडीच्या सुमारे 12 पट लांब उतार द्यावा, आणि नवे काचतंतूंचे कापड राळेत भिजवून थरावर थर बसवावेत. पहिल्या दुरुस्तीस एखादा दिवस पुरतो. दुसरीचा खर्च कधी कधी जुन्या नौकेच्या किमतीहूनही अधिक होतो. आणि बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही नौका सारख्याच दिसतात. सारा नैतिक पेच या सारखेपणात आहे.

हा पेच काल्पनिक नव्हे. मे 2014 मध्ये ‘चीकी राफिकी’ नावाची सुमारे 40 फुटांची नौका अटलांटिक महासागरात उलटली. तिचा कणा तुटून गेला होता. तिच्यावरील चारही माणसे गेली. नौकेचा सांगाडा हाती न लागल्यामुळे कारण निश्चित सांगता येत नाही. तथापि पूर्वी तिचा तळ अनेकदा जमिनीस लागला होता, आणि ते आघात व नंतरच्या दुरुस्त्या यांमुळे तिची जोडणी दुर्बल झाली असावी, असा संभव ब्रिटिश चौकशी अहवालाने 2015 साली वर्तविला. ज्या दुरुस्तीने भरवसा वाढावा, तिचाच उल्लेख संशयितांत व्हावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने 1877 साली विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यातील जहाजमालक आपल्या जुन्या जहाजाविषयीच्या शंका बळेच दडपतो व उतारूंनी भरलेले ते जहाज समुद्रावर धाडतो. क्लिफर्ड म्हणतो, जहाज सुखरूप पोचले असते तरी तो मनुष्य अपराधीच ठरता. हा न्याय मला मान्य आहे. परंतु आपल्या प्रश्नास तो अपुरा पडतो. त्या मालकाच्या मनात शंका निदान उत्पन्न तरी झाली होती. जिथे पहिल्या दुरुस्तीने शंकेची खूणच पुसून टाकली आहे, तिथे पुढच्या धन्याने काय दडपावे? तो अज्ञानी आहे, आणि ते अज्ञान दुसऱ्या कोणी तयार केलेले आहे. तडा पडणे हा आघाताचा परिणाम. तडा झाकणे हे मनुष्याचे कृत्य होय.

यावर कोणी म्हणेल, गरीब धन्याने काय करावे? सारा तळ उघडण्याचे द्रव्य प्रत्येकाजवळ असते काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपला जीव जाणूनबुजून धोक्यात घालणाऱ्यास आपण अविचारी म्हणू, फसवा म्हणणार नाही. परंतु ती नौका तो उद्या विकणार आहे, परवा तीत कोणा मित्रास बसविणार आहे. अर्धी दुरुस्ती करणे गरिबास क्षम्य आहे. अर्धी दुरुस्ती पुरी म्हणून दाखविणे कोणासच क्षम्य नाही. खरे सांगण्यास द्रव्य लागत नाही. फार तर नौकेची किंमत उतरते.

दिलीप दोंदे यांनी 2009–10 मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती नौका गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली जात असताना दोंदे स्वतः त्या कामात होते. झाकला जाण्यापूर्वीचा तळ ज्याने पाहिला, त्याचा विश्वास हे ज्ञान असते. हे भाग्य विरळा. आपण बाकीचे लोक दुसऱ्याने झाकलेल्या वस्तूच वापरतो. आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे रस्ते मिळतात. माळशेज घाट उतरणाऱ्या मालमोटारीची सांधलेली चासी रंगाखाली कशी आहे, हे समोरून येणाऱ्या एस.टी.तील उतारूस कसे कळावे?

तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याचे कर्तव्य केवळ तडा बुजविण्याने संपत नाही. काय मोडले होते, किती उघडून पाहिले, काय न पाहता सोडले, हे त्याने लिहून ठेवावे, आणि सांधा पुढच्या माणसास तपासता येईल असा ठेवावा. तो पुढचा माणूस त्यास कधी भेटणार नाही व त्याचे आभारही मानणार नाही. परंतु आपल्या कामावर ज्याचा जीव अवलंबून आहे, त्याच्याशी खरे वागण्यास ओळखीची आवश्यकता नसते.