पखवाजाची कणीक

एका तरुणाला गिटारचं वेड होतं. दिवसा तो एका कचेरीत हिशेब लिहायचा आणि रात्री मित्रांच्या बँडमध्ये वाजवायचा. बँडमध्ये एक मुलगी गायची. तालीम संपली की ती रोज एकच सांगायची, "मला माझाच आवाज ऐकू येत नाही." तरुणाला वाटायचं, माईक वाईट असेल.

त्याच्याकडे एक जुना, व्हॉल्व्हचा अँप होता. गोव्याच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून त्याने तो घेतला होता. त्या वादकाने मुंबईत आयुष्यभर लग्नांत, हॉटेलांत, सिनेमाच्या रेकॉर्डिंगांत वाजवलं होतं. आता हात थकले होते आणि तो गावी परत निघाला होता. अँप हवाली करण्याआधी खुर्चीत बसून त्याने एकच कॉर्ड छेडली. सूर आधी मऊ आला, मग कडेला किंचित खरखरला आणि विरता विरता बराच वेळ खोलीत राहिला. त्या एका सुरासाठी तरुणाने दोन महिन्यांचा पगार मोजला.

घरी आल्यावर त्याच्या मनात आलं, नुसता अँप एवढा गोड वाजतो, तर त्याच्यापुढे सूर बदलणारी, पायाने दाबायची पेडलं लावल्यावर काय होईल! त्याने ओव्हरड्राइव्ह घेतलं. मग डिले, कोरस, रिव्हर्ब. मग फझ. दर वेळी पहिला दिवस आनंदात जायचा आणि आठवड्याभरात तो आनंद ओसरायचा. मग तो पुढच्या पेडलसाठी पैसे साठवायचा. अशी सात पेडलं झाली. सातवं आलं तेव्हा गोवेकर वादकाचा तो सूर कुठेच उरला नव्हता. काहीही वाजवलं तरी एकच गच्च गलका बाहेर पडायचा.

तरुणाने ठरवलं, अँप बिघडलाय.

लॅमिंग्टन रोडच्या मागे एका गल्लीत नाना बसायचे. त्यांची उमर रेडिओ दुरुस्त करण्यात गेली होती. घराघरांतले व्हॉल्व्हचे रेडिओ गेले, तशी दुकानातली गर्दीही गेली. आता कधीतरी एखादा गिटारवाला पोरगा अँप घेऊन यायचा. भिंतीवर त्यांचा पखवाज टांगलेला असायचा. एकादशीला नाना भजनात पखवाज वाजवायचे.

"नाना, एका गोवेकर वादकाकडून हा घेतला तेव्हा गोड वाजायचा, आता याच्यात बिघाड आहे," तरुण म्हणाला. "नसेल निघत, तर विकून टाकतो."

नानांनी अँप उघडला. डावा हात त्यांनी पाठीमागे धरला होता. अशा अँपच्या पोटात तीनशेहून जास्त व्होल्ट खेळत असतात आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज दबा धरून बसते. दोन्ही हात आत गेले, तर ती छातीतून वाट काढू शकते. नानांनी कंडेन्सर आधी रिकामे केले, मग आत वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. शेवटचे दोन व्हॉल्व्ह ईएल ८४ होते. घरगुती रेडिओत स्पीकर हलवायला बऱ्याचदा हाच व्हॉल्व्ह असायचा. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समधून आलेले व्हॉल्व्ह नानांच्या हातांखालून किती गेले असतील, याची गणती नव्हती. बीटल्सच्या पाठीशी उभे असायचे त्या व्हॉक्सच्या एसी ३० अँपमध्येही हेच चार असत. या अँपमध्ये दोन होते, म्हणून पंधरा वॅट.

नानांनी सॉकेटं साफ केली, मीटर लावून सगळीकडे व्होल्ट पाहिले. स्पीकरची वायर घट्ट बसली आहे ना, तेही पाहिलं, कारण स्पीकर न जोडता असा अँप चालवला तर त्याचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मग बटण दाबलं. काचेच्या आत तांबूस उजेड हळूहळू चढला.

"बिघाड नाही," ते म्हणाले. "वाजव."

तरुणाने सात पेडलं मांडली आणि वाजवलं. नाना डोळे मिटून ऐकत राहिले.

"तो गोवेकर वाजवायचा तेव्हा त्याने मध्ये काय लावलं होतं?"

"काहीच नाही."

"मग तसं वाजव."

तरुणाने वायर थेट अँपमध्ये खोचली. तार हलकेच छेडली, सूर स्वच्छ आला. जोरात छेडली, तो खरखरला. गिटारचाच आवाज अर्ध्यावर आणला, खरखर गेली आणि सूर पुन्हा निवळला. तरुणाने मान वर केली. हा तोच सूर होता.

"व्हॉल्व्हला झेपेल एवढं दिलं, तर तो जसंच्या तसं मोठं करून देतो," नाना म्हणाले. "थोडं जास्त दिलं, की लाटेचे शेंडे गोल करतो. तुला आवडते ती खरखर म्हणजे तेच. पण सगळं आधीच कुटून त्याच्याकडे पाठवलंस, तर त्याने गोल काय करायचं?"

नानांना पेडलं ठाऊक नव्हती. पण सूर कुठून निघतो, कुठे अडतो, कुठे मळतो, हे शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी एकेक पेडल लावायला सांगितलं.

ओव्हरड्राइव्हवर ड्राइव्हचं बटण टोकाला होतं आणि आवाजाचं अगदी खाली. नानांनी ते उलटं करवलं. आता पेडल स्वतः जवळजवळ काहीच फाडत नव्हतं, फक्त सूर थोडा रेटून पुढे देत होतं. खरखर अँपची होती, आणि ती भरून आली. इंग्लंडमधल्या वादकांनी १९६०च्या दशकात हेच केलं होतं. तिथले अँप जरा अंधुक वाजायचे, म्हणून ते गिटार आणि अँपच्या मध्ये एका ट्रान्झिस्टरची छोटीशी डबी ठेवत. डबी वरचे सूर उचलून पुढे ढकलायची, बाकीचं काम अँप करायचा.

फझ सर्वांत शेवटी जोडलेलं होतं आणि घासल्यासारखं वाजत होतं. "जागा बदलून बघ," नाना म्हणाले. ते गिटारला थेट लावल्यावर त्याचा सूर गोलसर झाला आणि गिटारचा आवाज कमी करताच ते शांतही होऊ लागलं. जुन्या धर्तीच्या फझला गिटारचा हात थेट हातात लागतो. मध्ये दुसरं पेडल आलं, की ते बिथरतं.

डिलेचं मात्र काही केल्या जमेना. त्याचे प्रतिध्वनी मूळ सुराबरोबरच अँपच्या पहिल्या व्हॉल्व्हांत शिरून खरखरत होते आणि सगळ्याचा लगदा होत होता. नानांनी अँप फिरवला. मागे सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं होती. तरुणाने ती कधी वापरली नव्हती.

"इथून पहिल्या व्हॉल्व्हांचा सूर बाहेर येतो आणि इथून शेवटच्यांकडे आत जातो," नाना म्हणाले. "ही मधली वाट आहे. याला इथे बसव."

आता खरखर आधी होत होती आणि प्रतिध्वनी तिच्यामागून एकेक करत, वेगवेगळे येत होते.

चार पेडलं उरली. "ही कशाला लावलीस?" नानांनी विचारलं.

तरुण थोडा वेळ गप्प राहिला. "होती म्हणून," तो म्हणाला.

नाना उठले आणि त्यांनी पखवाज खाली काढला. डब्यातून कणीक घेऊन डाव्या तोंडावर तिचा बेताचा थर दिला आणि थाप मारली. पखवाज घुमला. मग त्यांनी त्यावर अजून एक गोळा थापला आणि तशीच थाप दिली. नुसता धप्प आवाज आला. त्यांनी जोरात हाणलं, तरी धप्पच आला.

"कणकेशिवाय हे तोंड नुसतं ठणठणतं," ते म्हणाले. "पण बोलायचं असतं ते चामड्याने."

एवढं बोलून त्यांनी जास्तीची कणीक नखाने खरवडून काढली. सॉकेट साफ करण्याचेच काय ते पैसे घेतले.

सोबतीला आलेल्याचं काम मोठं असतं. ओव्हरड्राइव्हने अँपला तापवावं, डिलेने सूर लांबवावा, कणकेने चामड्याला वजन द्यावं. यातलं काहीच फुकट नाही. पण ज्याला सोबत करायची, त्याचा आवाज आपल्याखाली दबला, तर आपण आलो कशाला, हे त्या सोबत्याने स्वतःला विचारायला हवं. तरुणाच्या मनात टॅक्सीत हेच घोळत होतं, आणि का कोण जाणे, त्याला त्या मुलीचा चेहरा आठवत होता.

त्या रात्री तालमीत तीनच पेडलं होती. मुलगी गायला लागली. पहिल्या कडव्यात तरुणाने गिटारचा आवाज अर्ध्यावर ठेवला आणि ती श्वास घ्यायला थांबली की तेवढ्या फटीत दोन-चार सूर सोडले. पुढची ओळ सुरू झाली की तो मागे यायचा. त्याला तिचे शब्द पहिल्यांदाच नीट ऐकू आले. हे गाणं ते वर्षभर वाजवत होते.

गाणं संपलं. मुलगी माईककडे बघत म्हणाली, "नवीन माईक आणलात का?"

"नाही," तरुण म्हणाला. त्याने खाली वाकून डिले अजून थोडा कमी केला आणि तिला तेच गाणं पुन्हा म्हणायला सांगितलं.