कुटुंबाचे रक्षण आणि ख्रिस्ती श्रद्धा

परमेश्वर आपल्या कुटुंबाचे रक्षण करतो, ही भावना ख्रिस्ती घरांमध्ये खोल रुजलेली आहे. परंतु हे रक्षण नेमके कशापासून होते आणि कोणत्या मार्गाने होते, याचा विचार त्या मानाने कमीच केला जातो. सिडकोने वसवलेल्या नवीन पनवेलसारख्या उपनगरात हा प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो, कारण कोकणातून, देशावरून, गोव्यातून वा केरळातून येथे आलेल्या कुटुंबांच्या पाठीशी गावाकडची मंडळी (म्हणजे स्थानिक चर्चचा समुदाय), आजी-आजोबा आणि भावकी राहिलेली नसते, आणि हार्बर मार्गाच्या लोकलने रोज मुंबई गाठणाऱ्या आईवडिलांवरच मुलांना जपण्याचा सारा भार येऊन पडतो.

अनेक कॅथलिक घरांत झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चर्चमधून आणलेल्या आशीर्वादित झावळीच्या पात्यांचा छोटा क्रूस विणून तो दाराच्या चौकटीवर किंवा वेदीमागे खोचून ठेवतात. वर्षभरात वाळून पिवळा पडलेला हा क्रूस पुढच्या वर्षी चर्चला परत दिला जातो आणि त्याचीच राख राखेच्या बुधवारी भाविकांच्या कपाळी लावली जाते. या प्रथेत ताईताची कल्पना शिरण्याचा धोका मोठा आहे. बायबलच्या निर्गम या ग्रंथात वल्हांडणाच्या रात्री, म्हणजे इस्राएली लोकांची मिसर देशातील गुलामीतून सुटका झाली त्या रात्री, कोकऱ्याचे रक्त दारांच्या चौकटींना लावण्याची आज्ञा आहे; पण त्याच अध्यायात सर्व घराने एकत्र बसून जेवावे आणि मुलांनी या विधीचा अर्थ विचारला असता तो त्यांना सांगावा, असेही बजावले आहे. चौकटीवरच्या खुणेची हीच परंपरा येथेही दिसते: पनवेलच्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने 1849 मध्ये उभारलेले बेथ एल सिनेगॉग, म्हणजे त्यांचे प्रार्थनास्थळ, येथे आजही आहे, आणि या समाजाच्या घरांच्या चौकटींवर जी मेझुझा, म्हणजे छोटी डबी, असते, तिच्यातील चर्मपत्रावर अनुवाद या ग्रंथातील वचने लिहिलेली असतात, ज्यांत देवावर सर्वस्वाने प्रीती करण्याची आणि घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना मुलांना त्याची शिकवण देण्याची आज्ञा आहे. देवप्रीतीची हीच आज्ञा येशूने सर्वांत मोठी मानली. दारावरचे चिन्ह हे दाराच्या आत चालणाऱ्या जीवनाची आठवण देते. ते त्या जीवनाची जागा घेऊ शकत नाही.

रक्षण म्हणजे संकटे न येण्याची हमी नव्हे, याला पुष्टी देणारे पुरावे शास्त्रातच आहेत. 91 वे स्तोत्र संकटात रक्षणाचे आश्वासन देते, परंतु मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांत, त्याच स्तोत्राचा आधार घेऊन सैतान येशूला मंदिराच्या टोकावरून उडी टाकायला सांगतो, आणि देवाची परीक्षा पाहू नये असे सांगून येशू ते नाकारतो. मुलांसाठी नित्य होमबली अर्पण करणाऱ्या ईयोब या बायबलमधील नीतिमान पुरुषाचीही मुले वादळात दगावतात, आणि हे त्याच्या पापाचे फळ आहे असे म्हणणाऱ्या मित्रांनाच देव दोषी ठरवतो. म्हणून आजारी मुलाच्या आईला तिची श्रद्धा कमी पडली असे सांगणे हे क्रौर्य तर आहेच, शिवाय ते शास्त्राच्याही विरुद्ध आहे.

श्रद्धा घराचे रक्षण कसे करते, या प्रश्नाची महाराष्ट्रातील एक खडतर कसोटी मराठी कवी नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या संसारात लागली. 1895 मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा जलसंस्कार, घेतला तेव्हा त्यांच्या श्रद्धेमुळे घर राखले जाण्याऐवजी दुभंगले. लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन लक्ष्मीबाईंना नातलगांच्या आधाराने राहावे लागले, आणि एका पत्नीचे दुःख काय असते हे ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात कायमचे नोंदले गेले. तरीही टिळकांनी पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाही. पुढे ती दोघे पुन्हा एकत्र आली, लक्ष्मीबाईंचे सोवळे-ओवळे त्यानंतरही काही काळ चालले, आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाच्या कौलाने. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, अविश्वासी जोडीदार एकत्र नांदायला राजी असेल तर त्याला सोडू नये, असा जो उपदेश केला, त्याचा अर्थ या संसारात दिसतो: घर फुटण्याची जखम श्रद्धेमुळे झाली हे खरे, परंतु ती भरून आली ती धीराने आणि एकमेकांच्या विवेकबुद्धीचा मान राखल्याने.

कुटुंबाची सीमाही ख्रिस्ती श्रद्धा रुंदावते. क्रुसावरून येशूने आपली आई एका शिष्याच्या हाती सोपवली, आणि रक्ताचे नाते नसलेले ते दोघे एकमेकांचे झाले. ख्रिस्ती समाजसुधारक पंडिता रमाबाईंनी 1896 च्या सुमारास दुष्काळाने पोरक्या झालेल्या मुलींना आश्रय दिला आणि केडगावला मुक्ती सदन उभारले, त्यामागे हीच दृष्टी होती. आपल्या एकुलत्या मुलीपुरते, मनोरमेपुरते, मातृत्व त्यांनी मर्यादित ठेवले नाही.

नवीन पनवेलच्या सदनिकेत संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसून केलेली प्रार्थना अपघात किंवा आजार टाळेलच असे नाही. मात्र दिवसभराचा राग झोपेपूर्वी मिटवणारी, चूक कबूल करणाऱ्या मुलाला घाबरू न देणारी, व्यसनात सापडलेल्याला आधार देतानाच त्याच्या हिंसेला पाठीशी न घालणारी आणि शेजारच्या एकाकी वृद्धाची चौकशी करणारी श्रद्धा संकटाच्या वेळी माणसांना एकमेकांपासून तुटू देत नाही. ज्या घरात दुर्बळाला भीतीवाचून बोलता येते, त्या घराचे रक्षण आधीच सुरू झालेले असते, आणि ते सुरू ठेवणे हे प्रार्थना करणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.