कच्च्या अंजिराचा दोष कोणाचा?

पुरंदर तालुक्यातील एका लहान मंडळीच्या उपदेशकांनी आम्हांस एक प्रश्न लिहून पाठविला आहे. त्यांच्या मंडळीतील एक तरुण दोन वर्षांपूर्वी पोटासाठी नवी मुंबईस गेला. वाशीच्या घाऊक फळबाजारात तो रात्री ओझी वाहतो. ह्या दोन वर्षांत तो प्रभुभोजनास बसला नाही, त्याची वर्गणी आली नाही, की निरोप आला नाही. काही पंचांचे म्हणणे असे की, त्याचे नाव मंडळीच्या पटावरून कमी करावे. एका वृद्ध पंचांनी लूकाच्या १३ व्या अध्यायातील अंजिराचा दाखला दिला: वर्षानुवर्षे फळ नाही, तर झाडाने जागा का अडवावी? हा प्रश्न एका गावाचा नाही. ज्या ज्या खेड्यातील मुले शहरास गेली, त्या त्या मंडळीचा आहे. म्हणून त्याचे उत्तर येथेच देतो.

दाखला अंजिराचा निघाला आहे, तर प्रथम अंजिराकडेच नीट पाहू. पुरंदरचे अंजीर नामांकित असून २०१६ साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे अंजिराचे दोन बहार असतात. पावसाळ्याच्या आरंभी धरलेल्या बहाराचे फळ थंडीच्या दिवसांत येते, त्यास खट्टा बहार म्हणतात. पावसाळा सरताना धरलेल्याचे फळ उन्हाळ्यात येते, तो मीठा बहार. जात तीच, जमीन तीच, शेतकऱ्याचा हातही तोच. परंतु थंडीत फळ सावकाश पिकते व गोडी बेताची भरते. ऊन तापले म्हणजे तेच फळ मधासारखे होते. मग खट्टेपणा झाडाचा म्हणावा की हवेचा? खट्ट्या बहाराबद्दल झाडावर कुऱ्हाड उचलणारा शेतकरी आम्ही अद्यापि पाहिला नाही.

ज्या देशांत थंडी याहून कडक, तेथील माळी काय करितात तेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडात अंजीर दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीस लागून लावितात; भिंत दिवसा ऊन पिते व झाडास ऊब देते. मुळे विटांच्या चौकटीत आवळून ठेवितात, कारण ती मोकळी सुटली तर पानेच माजतात. हिवाळ्याच्या तोंडी अर्धवट वाढलेली हिरवी फळे पुढे जगत नाहीत, म्हणून माळी ती काढून टाकतो. परंतु शेंड्याशी जी वाटाण्याएवढी बारीक फळे असतात त्यांस तो जपतो, कारण पुढल्या उन्हाळ्याच्या अखेरीस तीच पिकावयाची असतात. न्यू यॉर्क शहरी जाऊन राहिलेले इटालियन लोक तर हिवाळ्यापूर्वी झाड कापडात गुंडाळीत, किंवा वाकवून मातीखाली झाकीत, व वसंतात पुन्हा उभे करीत. परमुलखात आलेल्या झाडास परमुलखाच्या थंडीतून वाचवावे लागते, हे त्यांस कोणी शिकवावे लागले नाही. ते स्वतःच परमुलखात आलेले होते.

यावर कोणी म्हणेल, मग सर्व दोष हवेचाच काय? झाडास काहीच जबाबदारी नाही काय? प्रभूने तर मार्काच्या ११ व्या अध्यायात अंजिराच्या झाडास शाप दिला, आणि तोही हंगाम नसताना! ही शंका खरी आहे, आणि तीस टाळणे योग्य नाही. परंतु त्या झाडाविषयी शास्त्रात एक गोष्ट मुद्दाम सांगितली आहे: त्यास पाने होती. पालेस्तिनात वल्हांडणाच्या सुमारास अंजिरास पाने फुटतात, तेव्हा पानांबरोबर पहिली हिरवी फळेही दिसू लागतात. तेव्हा भरगच्च पाने दाखवून आत एकही फळ नसणे म्हणजे नसलेल्या गोष्टीची ग्वाही देणे होय. प्रभूचा कठोर शब्द कच्चेपणावर नव्हे, तर दिखाव्यावर पडला, असे आम्हांस वाटते.

आता त्या तरुणाकडे पाहा. उपदेशक लिहितात की, गेल्या नाताळात तो गावी आला होता. मंदिराच्या अंगणात लिंबाखाली उभा राहिला, गायने ऐकली, परंतु आत आला नाही. विचारिले तेव्हा म्हणाला, "मी आत बसण्याजोगा राहिलो नाही." वाचकहो, ह्या झाडास पाने कोठे आहेत? आपण कच्चे आहो हे तो स्वतःच सांगतो. आम्हांस तर ते बोलणे शेंड्यावरच्या वाटाण्याएवढ्या फळासारखे वाटते. पानांची भीती पहिल्या चटईवर बसणारांस अधिक, आणि त्यांत आम्ही पाळकही आलो.

लूकाच्या दाखल्यातील माळी झाड चांगले आहे असे म्हणत नाही. कुऱ्हाड कधीच नको असेही म्हणत नाही. तो एक वर्ष मागतो, आणि त्या वर्षात आपण स्वतः भोवती खणू व खत घालू असे वचन देतो. तेव्हा ते वर्ष झाडाच्या परीक्षेचे तितकेच माळ्याच्याही परीक्षेचे आहे. ज्याने खणले नाही त्यास तोडण्याची गोष्ट बोलण्याचा अधिकार नाही. आम्ही उपदेशकांस उलट विचारिले, दोन वर्षांत वाशीस कोण गेले? उत्तर आले, कोणी नाही. आम्हीही कबूल करितो: त्या अवधीत आम्ही कामानिमित्त दोनदा त्या बाजारावरून गेलो, व त्याची चौकशी केली नाही.

ह्याचा अर्थ कान उघडणी करूच नये असा नव्हे. आमोस संदेष्टा उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करी. मिसर देशात त्या फळांस चाकूने बारीक चीर देण्याची प्राचीन चाल आहे. चीर दिली म्हणजे ती थोड्याच दिवसांत पिकतात. खरा शब्द अशीच चीर होय. परंतु ती देण्यास झाडावर चढावे लागते. गावात बसून देता येत नाही.

अंजिराचा आणखी एक गुण शेतकरी जाणतात. आंबा अढीत घातला तर पिकतो. अंजीर हिरवे तोडले तर टोपलीत गोड होत नाही. त्यास झाडावरच पिकू द्यावे लागते. पटावरून तोडलेले नाव बाहेर राहून पिकेल, अशी आशा कोणी करू नये.

म्हणून आमचा सल्ला असा. नाव एक वर्ष राहू द्यावे. पंचांनी पाळीपाळीने दर दोन महिन्यांस वाशीस जावे. तो पहाटे कामावरून सुटतो, तेव्हा त्याच्याबरोबर चहा घ्यावा, व तेथील जवळच्या मंडळीच्या पाळकांशी त्याची ओळख करून द्यावी. पहिली पाळी आम्ही घेतो. वर्षाच्या अखेरीस पंचांनी पुन्हा बसावे, व पट उघडण्यापूर्वी कोण किती वेळा गेले हे प्रथम वाचावे.