बाप लढवय्याच पाहिजे काय?



आपल्या पोरांच्या बैठकीत हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं. 'आपले बापजादे लढवय्ये होते.' वाक्य खरं आहे. त्याला पुरावा आहे आणि तो दगडाचा आहे. पण ते बोलून झाल्यावर जी छाती फुगते, तिच्याबद्दल मला बोलायचंय. मी काही शिकलासवरलेला नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर तुटलेले धागे जोडतो, बहुतेक तिसऱ्या पाळीला. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. तेव्हा मुद्दा कुठं घसरला तर तोंडावर सांगा, मागून कुजबुजू नका.

प्रश्न असा आहे. ज्याचा बाप कधी लढला नाही, त्याच्या पोरानं मान कशाच्या जोरावर मागायचा?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही, मोबाईलवर भेटला. एका दोस्तानं 'स्टार ट्रेक' नावाची अमेरिकन मालिका लावून दिली. तिचा 'द नेक्स्ट जनरेशन' हा दुसरा अवतार 1987 ते 1994 असा सात वर्षं चालला. खाली इंग्रजी अक्षरं पळतात, मी डिक्शनरी मांडीवर घेऊन बसतो. अंतराळातलं जहाज, त्यावर निरनिराळ्या ग्रहांचे लोक, आणि त्यात वॉर्फ नावाचा एक अधिकारी. काम केलंय मायकेल डॉर्न या काळ्या नटानं. वॉर्फ क्लिंगॉन आहे. क्लिंगॉन म्हणजे अख्खी जमातच लढवय्यी. जन्मला की योद्धा, मेला तर रणात मेला पाहिजे, आणि बापाची अब्रू तीच पोराची अब्रू.

वॉर्फ लहान असताना त्याचा बाप मोघ एका ठाण्यावर शत्रूच्या हल्ल्यात मरतो. पोराला पृथ्वीवरची माणसं वाढवतात. 1990 च्या एका भागात क्लिंगॉनांच्या वरच्या पंचायतीपुढं आरोप येतो, की मोघ फितूर होता, शत्रूला वाट त्यानंच दाखवली. फितूर खरं तर दुसरा असतो, पण त्याचं घराणं वजनदार. खरं बाहेर आलं तर राज्यात यादवी माजेल. मुखियाला सगळं ठाऊक असतं, तरी खोटंच कायम ठेवायचं ठरतं. वॉर्फ तो कलंक मुकाट्यानं अंगावर घेतो. मग एकेक जण हाताची घडी घालतो आणि त्याच्याकडं पाठ फिरवतो.

ते दृश्य मला डिक्शनरीशिवाय कळलं. पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर, हॉटेलात कप बाजूला काढताना पाठ फिरवणारी माणसं आपल्या आज्यानं पाहिली, बापानं पाहिली. बापाचा म्हणून जो काय दोष तो पोराच्या कपाळी, आणि त्या कपाळाकडं कुणी बघायचंसुद्धा नाही. ही जातपंचायतच की, फक्त आकाशात जाऊन बसलेली!

पण जरा थांबा. वॉर्फ म्हणतो काय? बापावरून पोराची किंमत करणारा कायदाच खोटा आहे, असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, माझा बाप फितूर नव्हता, शूर होता. 1991 मध्ये त्याला मान परत मिळतो, तोही लढाईत बाजू घेऊन. कायदा होता तिथंच राहतो. उद्या दुसऱ्या कुणाचा बाप खरोखरच भित्रा निघाला तर त्याच्या पोराकडं पाठ फिरवणाऱ्यांत वॉर्फही उभा असेल. मला इथं ठेच लागली. कारण आपणही बैठकीत नेमकं हेच बोलतो.

आता आपल्या दगडाकडं येतो. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर कंपनीच्या कामी आलेल्या 49 जणांची नावं आहेत, त्यातली 22 'नाक' लागलेली, म्हणजे आपली. 1 जानेवारी 1818 ची लढाई. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथं गेले. उगीच नाही गेले. ज्यांना शेकडो वर्षं सांगितलं की तुमचा जन्मच वाकण्यासाठी आहे, त्यांना दगडावर कोरलेलं दाखवावं लागतं. तो दगड काहींच्या डोळ्यांत किती सलतो, ते 1 जानेवारी 2018 ला तिथं जमलेल्या आपल्या माणसांवर हल्ला झाला तेव्हा सगळ्यांनी बघितलं. तेव्हा मी स्तंभाला नावं ठेवतोय असं कुणी समजू नये. मीही तिथं जातो.

पण मग पुढचंही सांगा ना पोरांना! त्या 22 जणांनी ज्या फौजेसाठी जीव दिला, तिनं पाऊणशे वर्षांत आपल्या तोंडावर दार लावलं. लॉर्ड रॉबर्ट्स 1885 ते 1893 हिंदुस्थानचा सरसेनापती होता. 'लढाऊ जाती' हे खूळ त्यानं वाढवलं. अमुक जातीच्या रक्तात लढाई आहे, तमुक जातीच्या रक्तात नाही. 1890 नंतरच्या दोन-तीन वर्षांत महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी 1910 साली केला. आमचे वाडवडील तुमच्यासाठी लढले, आम्हांला आत घ्या. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 ला 111 वी महार पलटण उभी राहिली. 1921 ला मोडली. दुसरं युद्ध पेटलं तेव्हा 1941 ला महार रेजिमेंट. गरज पडली की रक्तात शौर्य सापडतं, गरज सरली की तेच रक्त पातळ!

हे वाचलं आणि क्लिंगॉन माझ्या डोळ्यांपुढं वेगळेच दिसायला लागले. अख्खी जमातच जन्मानं योद्धा, ही कल्पना आणि रॉबर्ट्ससाहेबाची कल्पना यांत फरक काय? आणि मनूच्या कल्पनेत तरी काय? क्षत्रियाचा पोरगा क्षत्रिय, शूद्राचा पोरगा शूद्र. विज्ञानाच्या नावानं मालिका काढायची, प्रकाशापेक्षा पळणारी जहाजं दाखवायची, आणि माणसाचा धंदा ठरवायचा त्याच्या बापाच्या रक्तावरून. 'आमच्या रक्तातच लढाई हाय' असं आपला कार्यकर्ता माईकवर ओरडतो, तेव्हा तो रॉबर्ट्सच्या चुलीवरचीच भाकरी खातो. रक्तपेढीत बाटलीवर फक्त गट लिहितात, मी तीन वेळा रक्त दिलंय, मला माहीत आहे.

यावर कुणी सुभेदार रामजींचं नाव काढील. काढा. मला तेच पाहिजे. रामजी फौजेत सुभेदार होते, पण त्यांची कुठली लढाई आपण पोरांना सांगतो? एकही नाही. आपण सांगतो ते हे, की ते चौदा वर्षं फौजेच्या शाळेत हेडमास्तर होते. परळच्या चाळीत एका खोलीत संसार, पेन्शनीवर घर, आणि भीवाला पुस्तक पाहिजे म्हणून म्हातारा लग्न झालेल्या लेकींच्या दारात उभा राहायचा. पैसे नसले तर लेकीचा दागिना घेऊन गहाण टाकायचा, पेन्शन आली की सोडवून परत द्यायचा. परीक्षेच्या दिवसांत रात्री दोनपर्यंत स्वतः जागायचा आणि मग पोराला अभ्यासाला उठवायचा. 2019 ला टीव्हीवर बाबासाहेबांची मालिका लागली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बाया रामजीच्या तलवारीसाठी रडल्या नाहीत, या दागिन्यासाठी रडल्या. फौजेनं आपल्याला जे खरं दिलं ती बंदूक नव्हती. पाटी होती.

आणि जाता जाता बायांचंही बोलतो. भीमाई लवकर गेल्या, पोरं सांभाळली मीरा आत्यानं. वॉर्फच्या मुलाची आई मारली जाते तेव्हाच बाप-लेकाची गोष्ट सुरू होते, आणि क्लिंगॉनांच्या वरच्या पंचायतीत बाईला बसताच येत नाही. लढवय्या बापाची गोष्ट सांगायची तर आई आधी वाटेतून काढावी लागते, असं दिसतं. हा विषय मोठा आहे. आपल्यातल्या एखादीनं लिहावा.

आता माझ्या गावाचं. मंगळवेढ्याला योद्ध्याच्या नावाचा दगड नाही. आमच्याकडं भिंत आहे. गावकुसाची भिंत बांधायला चोखोबाला इतर मजुरांबरोबर धरून आणलं, आणि 1338 साली ती कोसळून तो तिच्याखाली गेला. ज्याला गावकुसाच्या आत जागा नाही त्याच्याकडूनच गावकूस बांधून घेतलं! हाडं नामदेवांनी पंढरपूरला नेली, महाद्वारासमोर, म्हणजे मेल्यावरसुद्धा बाहेरच. आमचा दुसरा महार विठू. दामाजीपंतानं दुष्काळात कोठार उघडलं आणि बिदरच्या बादशहाचा दंड भरायला देव महार होऊन गेला, अशी कथा. तिथंही महार तलवार घेऊन नाही जात, पैशाची थैली पोचवायला जातो.

मागच्या जयंतीला फलकावर कुणाकुणाचं चित्र घ्यायचं यावरून आमच्यात खडाजंगी झाली. शिपायाचं घ्या म्हणाले, घेतलं. मी चोखोबाचं नाव काढलं तर एक जण म्हणाला, "त्यो कुटं लढला? मागल्या जन्माचं पाप म्हणून रडत बसला." बरोबर आहे. चोखोबानं आपल्या हीनपणाला मागल्या जन्माच्या कर्माचं कारण मानलं, ते मला नको आहे. पण बाबासाहेबांनी 1948 साली 'द अनटचेबल्स' हे पुस्तक कुणाला अर्पण केलं, ते पान उघडून बघा. नंदनार, रविदास आणि चोखामेळा. त्यांच्या आठवणीत सुभेदार आणि जमादार काय कमी होते? तरी त्यांनी भिंतीखाली मेलेला मजूर निवडला.

आणि चोखोबाच्या पोराकडं कुणी बघतच नाही. कर्ममेळा. बाप देवापुढं नम्र होऊन विचारतो, पोरगा देवालाच पिंजऱ्यात उभा करतो. आम्हांला असल्या जन्माला का घातलंस, उष्टं खायला लावताना तुला लाज वाटत नाही काय, असा त्याचा सूर आहे. आई सोयराबाई विचारते, विटाळ देहात आहे तर विटाळाशिवाय जन्मलेला देह दाखवा. सातशे वर्षांपूर्वीचं घर आहे हे. त्या घरात एकही हत्यार नव्हतं. पोरानं एवढं तिखट बोलायला बाप योद्धा असावा लागला नाही.

माझा बाप बिगारी आहे. गवंड्याच्या हाताखाली पाट्या टाकतो. वेठबिगारीतली वेठ गेली, बिगारी तेवढी राहिली. मुकादमानं खाडा नसताना हजेरी कापली तरी बाप 'बरं मालक' म्हणून घरी येतो. तो कुणाशी भांडलेला मी बघितलेला नाही. आपल्या कवितेत अशा बापाला एका ओळीत योद्धा करून टाकायची पद्धत आहे. पाटी म्हणजे ढाल, थापी म्हणजे तलवार. मीही कविता करतो, ते सोपं आहे. पण मला ते करायचं नाही. माझा बाप योद्धा नाही. तो दमलेला माणूस आहे, आणि त्याला मान मिळायला त्यानं योद्धा असण्याची अट मला मान्य नाही.

कुणी म्हणेल, असं बोललास तर पोरं मऊ पडतील, आणि गावात रात्री-बेरात्री काय होतं ते तुला ठाऊक हाय. आक्षेप खरा आहे आणि त्याला त्या मालिकेतच जोर मिळतो. 1994 च्या एका भागात वॉर्फच्या मुलाला, अलेक्झांडरला, लढायचं नसतं. एक अनोळखी क्लिंगॉन येतो आणि त्याला जबरदस्तीनं लढाई शिकवू बघतो. शेवटी कळतं की तो भविष्यातून आलेला अलेक्झांडरच आहे. तो मोठेपणी घराण्या-घराण्यांतली वैरं मिटवायला निघाला, आणि त्यातच त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या बापाला मारलं. म्हणून तो स्वतःचं बाळपण बदलायला मागं आला. ते जमेना तेव्हा त्या पोराला, म्हणजे स्वतःलाच, मारायला निघाला. वॉर्फ त्याला जवळ घेतो, तू जसा झालास तसा ठीक झालास असं सांगून परत पाठवतो, आणि लहान्याला सक्ती करत नाही. क्लिंगॉन बापानं कायदा मोडला तो एवढाच, आणि त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा मला तो मोठा वाटतो.

ही गोष्ट आकाशातली. जमिनीवरची खैरलांजीची. 29 सप्टेंबर 2006. सुरेखा, प्रियांका, सुधीर, रोशन. भय्यालाल भोतमांगे तेवढे वाचले. जमाव समोर होता, एकटा माणूस, त्यांना लपावं लागलं. त्यानंतर मी आपल्याच माणसांच्या तोंडून ऐकलंय, "बाप असून पळाला." मोठ्या आवाजात नाही, चहा पिता पिता. हे वाक्य कुठून येतं? ते 'आपले बापजादे लढवय्ये होते' याच वाक्याच्या पोटातून येतं. लढला तोच बाप, हे एकदा मानलं की घर संपलेल्या माणसाकडं आपणच हाताची घडी घालून पाठ फिरवतो.

भय्यालाल कोर्टात उभे राहिले. 2008 ला भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी दिली, 2010 ला हायकोर्टानं ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. ते थांबले नाहीत, वर गेले. तारखा, मोर्चे, पत्रकार, पुन्हा तारखा. दहा वर्षं हा माणूस तेच सांगत राहिला, जो येईल त्याला, पहिल्यापासून. जानेवारी 2017 मध्ये नागपुरात गेले.