मागं बसणारा

पाथरी तालुक्यात एक शेतकरी राहत होता. जमीन काळी, वर जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी. तो टोमॅटो करायचा. माल न्यायला त्यानं एक जुनी पिकअप घेतली होती. तोडणी झाली की ५० कॅरेट भरायचे आणि पहाटे मानवतमार्गे परभणीचं मार्केट गाठायचं, असा त्याचा क्रम होता.

गाडी तो स्वतः चालवायचा. मागं हौद्यात एक पोरगा बसायचा. हलणारे कॅरेट धरून ठेवणं हे त्याचं काम. पुढं शेतकऱ्याच्या शेजारची जागा रिकामीच असायची. तिथं हिशेबाची वही आणि पाण्याची कॅन ठेवलेली असे.

एके दिवशी अडत्यानं खालचा कॅरेट उचलला. त्यातून पाणी गळत होतं. तळाचे टोमॅटो फुटले होते.

"मालाला मार लागलाय," अडत्या म्हणाला, आणि भाव खाली आला.

शेतकरी घरी आला तो तोडणीच्या बायकांवर चिडला. "पिकून मऊ झालेला माल कशाला तोडता?" बायका म्हणाल्या, "आम्ही तर कवळी लाली आलेलाच तोडतो." त्यानं ऐकलं नाही. त्यांचा अर्धा रोज कापला. पुढच्या तोडणीला अजून हिरवट माल भरला. तोही फुटला.

मग त्यानं कॅरेटांच्या तळाशी भाताचा पेंढा घातला. टोमॅटो तरीही फुटले.

मग तो पोराला बोलला. "कॅरेट आपटतोस तू."

पोरगा म्हणाला, "मालक, मी नाही आपटत. खड्ड्यातून निघाल्यावर मागचं डावं चाक तीनदा नाचतं. कॅरेट त्यानं उडतात."

"तू कॅरेट धर. चाकाचं मी बघतो," शेतकरी म्हणाला. पण त्यानं चाकाकडं बघितलं नाही.

परभणीकडच्या रस्त्यांविषयी इथं दोन शब्द सांगितले पाहिजेत. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर घातलेला रस्ता तिच्यासोबत वर-खाली होतो. वरून सपाट दिसला तरी गाडीला लाटा लागतात. ज्याच्या शेताला अशी वाट आहे, त्यानं आपल्या गाडीच्या खालच्या अंगाची काळजी इतरांपेक्षा जास्तच घ्यायला हवी. आपल्या शेतकऱ्याला हे माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं आणि वाकून बघणं यांत बरंच अंतर असतं.

पोरानं मात्र वाकून बघितलं. डाव्या चाकामागचा शॉकअप वरपासून खालपर्यंत तेलानं भिजला होता आणि त्यावर काळी धूळ थापली होती. त्यानं मालकाला हाक मारली. शेतकऱ्यानं फडकं घेतलं, तेल पुसलं आणि म्हणाला, "झालं. आता कोरडा आहे."

दोन फेऱ्यांत शॉकअप पुन्हा भिजला. मालकाला पुन्हा हाक मारायची पोराला हिंमत झाली नाही.

काही दिवसांनी मागचं डावं टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखं घासलेलं दिसलं. शेतकऱ्यानं नवं टायर घातलं. थोड्या दिवसांत त्यालाही तसेच चट्टे पडले. "आजकाल टायरच चांगले येत नाहीत," तो म्हणाला.

मग कुणीतरी सुचवलं, गाडी मागं बसते, एक पाटा वाढवून घ्या. शेतकऱ्यानं दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला. गाडी उंच झाली. तो खूश झाला. पण पाटे कडक झाल्यानं धक्का अजूनच जोरात बसू लागला. पुढच्या फेरीला तळच्याच काय, मधल्या कॅरेटांतला मालही फुटला. पोराचं अंग रात्रभर ठणकलं. ते त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि त्याला कुणी विचारलंही नाही.

एका संध्याकाळी ते परत येत होते. पुढं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चालला होता. ट्रॅक्टर अचानक थांबला. शेतकऱ्यानं ब्रेक दाबला. रस्ता तिथं लाटांचा होता. मागची चाकं जमिनीवर टेकेनात, उडू लागली. हवेतल्या चाकाचा ब्रेक काय कामाचा? गाडी घसरत गेली आणि ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली.

शेतकरी बराच वेळ स्टिअरिंग धरून बसला. मग त्यानं मागं वळून बघितलं. पोरगा हौद्याच्या दांडीला दोन्ही हातांनी लोंबकळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतकरी गाडी घेऊन म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेला. पोरगा सोबत होता. शेतकरी सांगू लागला, टायर बदललं, पाटा वाढवला, पेंढा घातला. मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "गाडीत मागं कोण बसतं?"

"हा पोरगा. त्याला काय कळतंय गाडीतलं?"

मिस्त्री पोराकडं वळला. "सांग बाळा, काय होतं?"

पोरगा आधी मालकाकडं बघत राहिला. मग बोलला. "खड्ड्यातून निघालं की डावं चाक तीनदा नाचतं, उजवं दोनदा. गाडी रिकामी असली की जास्त. आधी असं नव्हतं. पावसाळ्यात शेतातल्या चिखलातून गाडी काढली, तिथून सुरू झालं."

मिस्त्रीनं मान हलवली. हौद्याच्या डाव्या कोपऱ्यावर तो सगळा भार देऊन रेटला आणि हात सोडले. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. उजवीकडंही तसंच झालं, थोडं कमी. मग तो गाडीखाली शिरला.

"चांगली असती तर एकदा वर येऊन तिथंच थांबली असती," तो खालूनच म्हणाला. "शॉकअपच्या दांड्यापाशी नुसती ओलसर झाक असती तर मी तुम्हाला घाबरवलं नसतं. हे तेल पार खालपर्यंत उतरलंय."

"पुसलं होतं की मी."

"पुसून तेल आत जात नाही, मालक."

मिस्त्री बाहेर आला आणि हात पुसत त्यानं समजावलं. "वजन पाटे उचलतात. पण पाटा एकदा दबला की उसळतो, पुन्हा दबतो, पुन्हा उसळतो. त्याला आवरणारा हा शॉकअप. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं दाबून बघा, दांडा जड जातो. तसंच यात आतलं तेल बारीक भोकांतून दाबून जातं, म्हणून उसळी मरते. चिखल दांड्यावर वाळला, त्यानं वरचं सील घासलं आणि तेल बाहेर आलं. आता पाट्याला आवरायला कुणी नाही. तुम्ही पाटा वाढवला, म्हणजे उसळणाऱ्याला अजून बळ दिलं."

शेतकरी म्हणाला, "मग डावा बदला. उजवा अजून गळत नाही."

"बदलायचे तर दोन्ही. एक नवा, एक थकलेला असला की गाडी एका अंगाला ओढते."

शेतकरी खर्चाचा विचार करू लागला. मिस्त्री म्हणाला, "ठीक आहे. आधी एक फेरी मारून येऊ. गाडी मी चालवतो. तुम्ही मागं बसा."

शेतकरी हौद्यात चढला. पोरगा नेहमीच्या जागी बसला आणि मालकाला म्हणाला, "दांडी धरा." शेतकऱ्यानं धरली नाही. पहिल्या खड्ड्यात तो वीतभर उडाला आणि पत्र्यावर आदळला. सावरतो तोच दुसऱ्यांदा आदळला, मग तिसऱ्यांदा. त्यानं दोन्ही हातांनी दांडी धरली. पुढं एक पूल होता. पूल ओलांडताच त्यानं केबिनच्या पत्र्यावर थापा मारल्या.

"थांबा मिस्त्री, थांबा! दोन्ही बदला."

मिस्त्रीनं जुने शॉकअप काढले. डाव्याचा दांडा पोराच्या हाती दिला. पोरानं एका बोटानं तो आत-बाहेर केला. मग नवा दिला. तो ओढायला पोराला दोन्ही हात आणि पायाचा रेटा लागला. झिजलेले रबरी बुशही मिस्त्रीनं बदलले आणि वाढवलेले पाटे काढून टाकले. निघताना एवढंच म्हणाला, "चिखलातून आलात की खालून पाणी मारत जा."

पुढच्या तोडणीला तोच रस्ता, तेच कॅरेट आणि त्याच बायकांनी तोडलेला माल होता. परभणीत अडत्यानं तळाचा कॅरेट उचलला, उलटसुलट करून बघितला आणि काही न बोलता पूर्ण भाव लिहिला.

घरी आल्यावर शेतकऱ्यानं तोडणीच्या बायकांना बोलावलं आणि कापलेला रोज त्यांच्या हातात दिला. "चूक तुमची नव्हती," तो म्हणाला.

मग त्यानं केबिनमधली वही आणि कॅन उचलून सीटमागं ठेवली. कॅरेट दोरखंडानं आवळून बांधायला सुरुवात केली, म्हणजे ते धरायला माणूस लागू नये. पोरगा पुढं बसू लागला. गाडी भरायच्या आधी मालक त्याला रोज विचारायचा, "खाली बघितलंस का?" आणि पोरानं काही दाखवलं, तर स्वतः वाकून बघायचा.

ज्यांच्या हाताखाली माणसं राबतात त्यांना एवढंच सांगणं आहे: नुकसान कुठून होतंय ते शोधताना, धक्का ज्याच्या अंगावर येतो त्याला आधी विचारा.