निकाल लागेपर्यंत

इंटरव्ह्यू देऊन सतरा दिवस झाले. फोन वाजला की पोटात गोळा येतो. आई काही विचारत नाही, ताटात भाकर टाकताना नुसती तोंडाकडं बघते. तेच जास्त जड जातं.

दोस्तांनो, रात्री झोप लागत नाही तेव्हा मी माझाच इंटरव्ह्यू घेत बसतो. त्या प्रश्नाला अडखळलो कशाला? आडनाव विचारल्यावर आवाज का पडला? टेबलापलीकडं तिघं होते. रात्री मी चौथा होतो. आणि हा चौथाच सगळ्यात कडक.

त्या वीस मिनिटांना माझी लायकी ठरवायचा हक्क कुणी दिला? राज्यघटनेचं कलम १६ सरकारी नोकरीत समान संधी देतं. पण टेबलामागच्या माणसाच्या मनातलं माप कोण तपासणार? राखीव जागांपुढं ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ हा शेरा आपण किती वेळा वाचलाय. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारनं क आणि ड गटाच्या मुलाखतीच बंद केल्या. म्हणजे तोंड न बघताही माणूस निवडता येतो, हे सरकारलाही कबूल! वरच्या खुर्च्यांना मात्र तोंड बघायचंच असतं.

तरी भीती खोटी नाही. तिच्यात घरभाडं आहे, धाकट्याची फी आहे. ‘धीर धर’ म्हणणाऱ्याचं पोट बहुधा भरलेलं असतं. भीती राहू दे. शरम मात्र मी का बाळगू? ती त्या तिघांनी दिली, मी घरी घेऊन आलो.

नाही घेतलं तर २००५ च्या माहिती अधिकारात गुण मागीन. उद्या दुसऱ्या जाहिरातीचा फॉर्म भरायचाय. आणि आज संध्याकाळी वस्तीतल्या पोरांचा गणिताचा वर्ग आहे, खडू संपलेत.